कढईंतील तेल आणि कातड्याची विद्या

(अलिबाग तालुक्यांतील शेतकरी व कारागीर स्त्री-पुरुषांपुढें केलेलें भाषण)



आज मी जो विषय घेऊन आपल्यापुढें उभा आहें, तो ऐकून कांहीं मंडळी हसतील. तळून तळून काळें पडलेलें तेल आणि मेलेल्या जनावराचें कातडें, ह्या काय सभेंत बोलण्याच्या गोष्टी आहेत, असें कोणी विचारील. परंतु जगाचा अनुभव असा आहे कीं, ज्या वस्तूला सारे लोक घाण म्हणून नाक मुरडतात, त्या वस्तूवर कोणी तरी श्रीमंत होत असतो, आणि तो कोणी तरी बहुधा आपल्यापैकीं नसतो. असें कां होतें, आणि तें बदलावयाचें तर आपण काय शिकलें पाहिजे, एवढेंच मला आज सांगावयाचें आहे.

प्रथम तेलाची हकीकत ऐका. मांडव्यापासून हरिहरेश्वरापर्यंतचा आपला किनारा आतां पाहुण्यांचा किनारा झाला आहे. २०२० सालीं भाऊच्या धक्क्यावरून मांडव्यास मोटारींसकट माणसें आणणारी रो-रो बोट सुरू झाली. किहीम, वरसोली, नागांव, काशीद, मुरूड, दिवेआगर, श्रीवर्धन या गांवांत सुटीच्या दिवशीं पाय ठेवावयास जागा नसते. पाहुणा आला म्हणजे त्याला तळलेली सुरमई पाहिजे, कोळंबी पाहिजे, मुलांना बटाटेवडा पाहिजे. सकाळपासून रात्रीपर्यंत चुलीवरची कढई उतरत नाहीं. खाणावळ चालविणारे पुष्कळसे आपलेच आगरी, कोळी, माळी, भंडारी बंधु आहेत, आणि कढईपुढें उभी राहणारी तर आपलीच आई-बहीण आहे. म्हणून हा प्रश्न परक्याचा नव्हे.

आतां हें तेल शेवटीं जातें कोठें? त्याच्या तीन वाटा आहेत. पहिली वाट अशी कीं, कालच्या तेलांत आजचें थोडें ताजें तेल ओतून तेंच पुन्हां चढवावयाचें, आणि अगदींच काळें झालें म्हणजे तें पडेल भावानें एखाद्या लहान गाडीवाल्यास विकावयाचें. त्या गाडीवर कोण खातो? बांधकामावरचा मजूर, बोटीवरचा खलाशी, शाळेंतून येणारें गरिबाचें मूल. दुसरी वाट मोरीची. तेल मोरींत ओतलें कीं तें थिजून नळी बुजवितें, नाहीं तर ओढ्यांतून खाडींत जातें; आणि पाण्यावर त्याची साय धरली म्हणजे खालच्या जिवांना हवा मिळत नाहीं. तिसरी वाट पिंपाची. एक मनुष्य टेंपो घेऊन येतो, तेल मोजून घेतो, चार पैसे हातावर ठेवतो आणि निघून जातो. तो तें कोठें नेतो व त्याचें काय होतें, हें विचारण्याची आपल्याला गरजच वाटत नाहीं. मला मुख्यतः या तिसऱ्या वाटेविषयीं बोलावयाचें आहे. पण पहिली वाट बंद झाल्याशिवाय तिसरीला अर्थ नाहीं, म्हणून दोन शब्द तिच्याविषयीं सांगतों.

तेल वारंवार तापलें कीं त्याच्यांत तीन फरक होतात. तळणांतलें पाणी तेलाला फोडतें आणि तेलांतलीं आम्लें मोकळीं होतात. हवेंतला प्राणवायु लागून तें खवट होतें. आणि उष्णतेनें तेलाचे कण एकमेकांस जुळून तें घट्ट व चिकट होतें. कढईच्या कडेला डिंकासारखा जो तपकिरी थर बसतो तो याचाच. हे बिघडलेले भाग शेंकडा पंचवीसच्या वर गेले तर तें तेल खाण्याच्या कामीं वापरूं नये, असा नियम सरकारच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणानें १ जुलै २०१८ पासून लागू केला. त्याच वर्षीं १० ऑगस्टला, वापरलेलें तेल गोळा करून दुसऱ्या कामाला लावण्याची योजनाही निघाली. पुढें १ मार्च २०१९ पासून, तळणासाठीं रोज पन्नास लिटरहून अधिक तेल वापरणाऱ्यांनीं त्याचा हिशेब ठेवावा व तें अधिकृत संकलकाकडेच द्यावें, असें ठरलें. नियम चांगला आहे. पण हिशेबाचें बंधन मोठ्या हॉटेलापुरतें आहे. लहान खाणावळीच्या डब्यांत डोकावून पाहणारा कोणी नाहीं. तेथें आपली लाज आणि आपली अक्कल यांनींच पहारा केला पाहिजे. जें तेल आपण आपल्या नातवाच्या ताटांत वाढणार नाहीं, तें दुसऱ्याच्या नातवाला विकणें हा धंदा नव्हे, ती चोरी आहे.

आतां कातड्याकडे या. कातडें म्हणजे बारीक तंतूंचें विणलेलें जाळें आहे. जनावर जिवंत असतें तोंवर त्या तंतूंमध्यें पाणी व चरबी असते, म्हणून तें लवचिक राहतें. कमावतांना केस, मांस, चरबी सारें निघून जातें. मग कातडें वाळलें म्हणजे तंतु एकमेकांस चिकटतात आणि तें फळीसारखें ताठ होतें. वाकविलें कीं तडकतें. म्हणून प्रत्येक तंतूवर तेलाचा अगदीं पातळ हात फिरावा लागतो. गाडीच्या आंसाला जसें वंगण, तसें कातड्याच्या तंतूला तेल.

हें वंगण आपल्या वाडवडिलांना ठाऊक होतें. घाटावर विहिरींवर मोट चाले तेव्हां मोटेचें कातडें दिवसभर पाण्यांत भिजे व उन्हांत वाळे. तें कुजूं नये म्हणून करडईचें, धगीवर जाळून काढलेलें काळें चिकट तेल त्याला चोळीत. तें तेल खाण्याच्या उपयोगाचें नसे, पण कातड्याला पाण्यापासून राखी. करंजाचें तेलही कातड्याला लावीत. आपल्या किनाऱ्यावर मुशीच्या कलेजाचें तेल होड्यांच्या फळ्यांना लावीत. म्हणजे खाण्यास निकामी तेल कातड्यास व लांकडास उपयोगी पडतें, ही विद्या कोणा विद्यापीठानें काढलेली नाहीं. ती तेल्याची, कोळ्याची, शेतकऱ्याची, ढोर व चर्मकार बंधूंची विद्या होती. तेली घाणा हांकी, ढोर हिरडा-बाभळीच्या पाण्यांत कातडें कमावी, चर्मकार मोट शिवी आणि शेतकरी त्याला बलुतें देई. या बलुत्यांत न्याय होता असें मात्र मी म्हणत नाहीं. ज्याच्या हातच्या मोटेनें मळा पिके, त्यालाच त्या मळ्याच्या विहिरीला शिवूं देत नसत. ही गोष्ट आपण शेतकरी मंडळींनीं तरी विसरतां कामा नये.

मग ती विद्या हातची गेली कशी? १८८४ सालीं अमेरिकेंत ऑगस्टस शुल्त्झ यांनीं क्रोमच्या क्षारांनीं कातडें कमावण्याच्या कृतीचें पेटंट घेतलें. सालीच्या पाण्यांत ज्या कामाला आठवडेच्या आठवडे लागत, तें काम पुढें थोड्या दिवसांत होऊं लागलें. पण क्रोमचें कातडें एकदां कडकडीत वाळलें कीं पुन्हां नीट भिजत नाहीं; त्याला तेल ओलें असतांनाच द्यावें लागतें. आणि ओल्या वस्तूंत तेल शिरावयाचें कसें? तेल आणि पाणी यांचें तर वैर. तें वैर मोडण्यासाठीं तेलाचें दूध करावें लागतें. म्हणजे तेलाचे इतके बारीक थेंब करावयाचे कीं ते पाण्याबरोबर तंतूंच्या जाळ्यांत आंतपर्यंत जावे. मग तेल तंतूला धरून राहतें आणि पाणी निघून जातें. कारखान्यांत यास फॅटलिकर म्हणतात. आपण त्याला दूध-तेल म्हणूं. मऊ कातडें पाहिजे असेल तर त्याच्या वजनाच्या शेंकडा चार ते दहापर्यंत तेल फिरत्या पिंपांत अशा रीतीनें देतात. तें दूध-तेल पत्र्याच्या नाहीं तर प्लास्टिकच्या पिंपांतून तयार होऊन येतें. पिंपावर कंपनीचें नांव व एक नंबर असतो. आंत काय आहे हें कातडें कमावणाऱ्यास ठाऊक नसतें. वाडवडिलांची विद्या हातांतून निघून पिंपांत गेली ती अशी.

आतां मुद्द्याची गोष्ट. आपल्या कढईंतलें जुनें तेल या कामीं येईल काय? येईल. आपल्या देशांत आणि परदेशांतही अनेक प्रयोगशाळांनीं असें तेल स्वच्छ करून, त्याच्यावर रासायनिक क्रिया करून कातड्याचें दूध-तेल केलें आहे. पण तें जसेंच्या तसें वहाणेला चोळलें तर काम बिघडतें. कां बिघडतें तें नीट ध्यानांत घ्या, कारण येथेंच अडाण्याचा पैसा बुडतो आणि जाणत्याचा वाढतो.

पहिला दोष मळाचा. तेलांत मीठ असतें, हळद असते, पिठाचे कण असतात आणि मासळीचा वास असतो. असें कातडें कुत्रें पळवील. दुसरा दोष मोकळ्या आम्लांचा. पामतेलांत थिजणारा भाग जवळजवळ निम्मा असतो. तें जुनें तेल कातड्याला लावलें कीं थंडीच्या दिवसांत कातड्याच्या वर पांढरी भुकटी फुटते. लोक तिला बुरशी समजतात. ओळखण्याची सोपी खूण सांगतों. कातडें निखाऱ्याच्या धगीजवळ हलकेंच धरा. भुकटी विरघळून आंत गेली तर ती तेलाची; तशीच राहिली तर बुरशी. तिसरा दोष चिकटपणाचा. सोयाबीन व सूर्यफूल यांचें तेल हवेनें हळूहळू डिंकासारखें होतें आणि कातड्यावर धूळ धरतें. म्हणून पहिला धडा हा कीं, पामतेलाचा डबा वेगळा, सोयाबीनचा वेगळा, शेंगदाण्याचा वेगळा, आणि मासळी तळलेल्या तेलाचा त्याहून वेगळा. सगळें एका पिंपांत ओतलें कीं त्याची किंमत तेथेंच निम्मी झाली असें समजा.

दुसरा धडा धुण्याचा. थंड झालेलें तेल जाड फडक्यानें गाळावें. जितकें तेल तितकेंच गरम पाणी, त्यांत मूठभर मीठ, असें हलवून रात्रभर ठेवावें. सकाळीं मळ व पाणी खालीं बसतें, तें काढून टाकावें. असें दोन-तीनदां केल्यावर तेल मंद आंचेवर ठेवावें. पाणी आहे तोंवर तडतड आवाज येतो; तो थांबला कीं उतरावें. एवढें काम कोणत्याही बचत गटाच्या बायका करूं शकतील, आणि एवढ्यानेंही तेलाला बरें गिऱ्हाईक येतें.

आतां तेलाचें दूध करण्याचे दोन मार्ग आहेत. एक साबणाचा व दुसरा गंधकाम्लाचा.

साबणाचा मार्ग जुना आहे. आपल्या आज्या तेलकट भांडें राखेनें घांशीत. राखेंतल्या क्षारानें तेलाचा थोडा साबण होई आणि तो साबण उरलेल्या तेलाला पाण्यांत घेऊन जाई. तीच युक्ति येथें आहे. धुतलेलें एक किलो तेल कोमट करावें. वेगळ्या स्टीलच्या भांड्यांत साडेतीनशें ग्रॅम पाणी घेऊन त्यांत १२० ग्रॅम कॉस्टिक सोडा थोडा थोडा सोडावा. सोडा पाण्यांत टाकावा. पाणी सोड्यावर ओतूं नये, कारण तें उसळून अंगावर येतें. हातांत रबरी मोजे व डोळ्यांवर चष्मा असल्याशिवाय या कामाला बसूं नये, मुलांना जवळ येऊं देऊं नये, आणि ॲल्युमिनमचें भांडें वापरूं नये, तें सोडा खाऊन टाकतो. पाणी निवलें कीं तें तेलांत ओतून घट्ट होईपर्यंत ढवळावें, वड्या पाडाव्या व महिना-दीड महिना ठेवाव्या. इतका सोडा सगळ्या तेलाला पुरत नाहीं. थोडें तेल मोकळें राहतें, आणि तें आपल्याला पाहिजेच आहे.

मग ५० ग्रॅम साबण किसून एक लिटर गरम पाण्यांत विरघळवावा आणि १०० ग्रॅम धुतलेलें तेल बारीक धारेनें सोडीत रवीनें घुसळावें. पांढरें दूध झालें पाहिजे. तें कोमट असतांना सालीनें कमावलेल्या दोन किलो ओलसर कातड्याला पुरतें. सालीच्या कातड्यांत मुळांतच थोडी आंबटाई असते. तिनें हें दूध आंत गेल्यावर फुटतें आणि तेल तेथेंच राहतें. मग कातडें सांवलींत वाळवावें. येथें दोन इशारे. किनाऱ्याकडच्या पुष्कळ विहिरींचें पाणी जड असतें, त्यांत साबण फाटतो; म्हणून पावसाचें सांठविलेलें पाणी घ्यावें. आणि साबणाच्या क्षारानें सालीचें कातडें काळवंडतें. म्हणून आधीं एका तुकड्यावर लावून महिनाभर वास, रंग व पांढरी भुकटी पाहावी, मगच पुढें जावें. क्रोमच्या कातड्याला हें घरगुती तेल लावूंच नये. खवट तेलाच्या संगतीनें क्रोमचें अपायकारक रूप तयार होण्याचा संभव असतो, आणि तें कातडें माणसाच्या अंगाशीं लागतें. बैलाच्या जुवाचे पट्टे, वाद्या, कोयत्याचें म्यान, कामावरच्या जाड वहाणा, एवढ्यापुरती ही कृति ठीक आहे. याहून मोठी आशा मी आपल्याला दाखवीत नाहीं.

दुसरा मार्ग गंधकाम्लाचा. खरा धंदा तेथें आहे. एकोणिसाव्या शतकांत युरोपांत कापड लाल रंगविण्यासाठीं एरंडेलावर गंधकाम्लाची क्रिया करून पाण्यांत मिसळणारें तेल काढलें, त्याच जातीची ही कृति. शंभर किलो स्वच्छ, कोरड्या तेलाला पंधरा-वीस किलो तीव्र गंधकाम्ल अगदीं बारीक धारेनें, तास-तासभर ढवळीत द्यावें लागतें. उष्णता तीस अंशांच्या वर जाऊं द्यावयाची नाहीं, नाहीं तर तेल जळून काळें होतें. मग मिठाच्या पाण्यानें धुऊन उरलेलें आम्ल काढावयाचें, आणि अमोनियानें किंवा कॉस्टिकनें आंबटपणा मारावयाचा. असें तेल जड पाण्यांतही साबणाइतकें लवकर फाटत नाहीं आणि कातड्याला धरून राहतें. पण हें काम परसांत करण्याचें नव्हे. तीव्र आम्लाचा एक शिंतोडा डोळा घेतो. त्याला थंड ठेवण्याचें यंत्र पाहिजे, जाणता रसायनज्ञ पाहिजे, आणि धुतलेल्या खारट पाण्याची व्यवस्था पाहिजे. रसायनांच्या सांडपाण्यानें खाडीची मासळी कशी जाते, हें सावित्री व कुंडलिका यांच्या कांठच्या कोळी बांधवांना सांगावयास नको. आपण नवा कारखाना काढून तोच गुन्हा करावयाचा असेल, तर तेल मोरींत ओतलेलें काय वाईट!

आतां एक गोष्ट विचारतों. आम्ल, अमोनिया, कॉस्टिक हे शब्द आपल्याला नवीन आहेत काय? थळच्या खतकारखान्यांत १९८० च्या दशकापासून अमोनिया होतो. रोहें-धाटावला, महाडला, पाताळगंगेला, तळोजाला रासायनिक कारखाने उभे आहेत. त्यांसाठीं जमिनी गेल्या शेतकऱ्यांच्या, आणि कंत्राटावर पिंपें ढकलतात तीं शेतकऱ्यांचीं मुलें. त्या मुलांच्या नाकाला अमोनियाचा वास ओळखीचा आहे, त्यांच्या हातांवर आम्लाचे डाग आहेत. पण पिंपांत काय चाललें आहे हें त्यांना कोणी शिकविलें नाहीं. अंगमेहनत आपली आणि अक्कल दुसऱ्याची, ही वांटणी फार जुनी आहे. जोतीराव फुल्यांनीं १८८२ सालीं हंटर कमिशनपुढें जें निवेदन दिलें, त्यांत शेतकऱ्या-कष्टकऱ्यांच्या मुलांचें प्राथमिक शिक्षण मागितलें आणि त्या शिक्षणांत शेतीचें व्यवहारोपयोगी ज्ञान असावें असेंही म्हटलें. आज शाळा गांवोगांवीं आहेत. पण आपल्या पोराला पानावरचें रसायनशास्त्र पाठ येतें आणि आईच्या कढईंत तेंच शास्त्र उकळत आहे हें त्याला दिसत नाहीं, तोंवर जोतीरावांची मागणी पुरी झाली असें मी म्हणणार नाहीं.

आतां एक मोठा आक्षेप आहे, आणि त्याला बगल देऊन मला पुढें जातां येणार नाहीं. कोणी चर्मकार किंवा महार बंधु मला विचारील, "गृहस्थ, आम्हांला ज्या घाणींतून बाहेर पडावयास तीन पिढ्या लागल्या, त्या कातड्याकडे तुम्ही आम्हांला परत बोलावतां काय?" प्रश्न रास्त आहे. महाड आपल्याच जिल्ह्यांत आहे. १९ व २० मार्च १९२७ रोजीं तेथें कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली आणि चवदार तळ्याचें पाणी डॉ. बाबासाहेब आंबेडकर व त्यांच्या अनुयायांनीं घेतलें. सार्वजनिक पाणवठे सर्वांस मोकळे असावे असा ठराव ४ ऑगस्ट १९२३ रोजीं मुंबईच्या कायदे कौन्सिलांत पास करून घेणारे सीताराम केशव बोले हे आपल्या ब्राह्मणेतर चळवळींतलेच होते, हेंही आठवा. त्या महाडच्या परिषदेंत बाबासाहेबांनीं मृत मांस सोडा, मुलांना शिकवा, हें सांगितलें. पुढें १५ ऑक्टोबर १९५६ च्या नागपूरच्या भाषणांत त्यांनीं जुना वाद सांगितला. मेलेलीं ढोरें ओढण्यांत या लोकांचा कातड्या-शिंगांचा केवढा फायदा आहे, असा हिशेब त्यांना कोणी ऐकविला होता. त्यावर त्यांचें उत्तर असें कीं, फायदा इतका मोठा असेल तर तो तुम्हींच कां घेत नाहीं?

तें उत्तर मी आज आपल्याला, आगरी-कुणबी-मराठा-माळी-भंडारी मंडळींना, देतों. कातड्याच्या तेलाच्या धंद्यांत फायदा असेल तर त्यांत आधीं आपण हात घाला. आपल्या मुलीनें तेल धुवावें, आपल्या मुलानें कातडें भिजवावें. चर्मकार बंधूला यांत यावेंसें वाटलें तर तो भागीदार म्हणून येईल, हिशेबाच्या वहीवर त्याची सही असेल आणि पाण्याचा माठ एकच असेल. त्याला यावेंसें वाटलें नाहीं तर त्याचा मुलगा डॉक्टर होवो, मामलेदार होवो, आपण त्याला टाळी देऊं. जी योजना "घाणीचें काम त्यांनीं करावें आणि पैसा आपण मोजावा" एवढ्यावर उभी राहते, ती योजना मोडून टाकण्याच्या लायकीची आहे. धंदा हलका कीं भारी हें कातड्यानें ठरत नाहीं. तो धंदा जन्मानें गळ्यांत बांधला आहे कीं आपखुषीनें धरला आहे, आणि त्याचें मोल कोण ठरवितो, यावर तें ठरतें.

दुसरा आक्षेप व्यापाऱ्याचा. तो म्हणेल, "तेल तर आतां इंधनासाठीं खपतें, कातड्याच्या भानगडींत कशाला पडतां?" खरें आहे. १० ऑगस्ट २०१९ रोजीं सरकारी तेल कंपन्यांनीं वापरलेल्या तेलापासून केलेलें बायोडिझेल घेण्याची योजना शंभर शहरांसाठीं जाहीर केली. त्यामुळें तेलाला भाव आला. मी म्हणतों, बरेंच झालें. गिऱ्हाईकें दोन असलीं कीं विकणाऱ्याची पत वाढते. पण तेल डब्यानें विकलें तर डब्याचा भाव मिळतो, धुऊन व निवडून विकलें तर त्याहून बरा, आणि त्याचें दूध-तेल करून विकलें तर सर्वांत बरा. प्रत्येक पायरीवर जी वाढ होते ती तेलाची नसून विद्येची किंमत आहे. शिवाय कातड्याचाही धंदा आज सोपा राहिलेला नाहीं. २०१५ सालच्या कायद्यानें महाराष्ट्रांत बैलांच्या कत्तलीस बंदी आल्यापासून कातड्याची आवक घटली आहे, आणि आपल्या किनाऱ्यावर मोठीं चर्मालयें नाहींत. म्हणून माल येथें करून मुंबईला किंवा कोल्हापूरकडे पाठवावा लागेल. कोल्हापुरी चपलेला २०१९ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें. ती अजून हिरडा-बाभळीच्या कातड्याची आहे. जून २०२५ मध्यें इटलींतल्या एका श्रीमंत कंपनीनें तसल्याच चपला मिलान शहरांत मिरविल्या आणि कारागिराचें नांव सांगावयाचें विसरली. बोभाटा झाल्यावर कबूल केलें. पाहा, त्यांना आपलें कातडें हलकें वाटलें नाहीं! हलकें वाटतें तें आपल्यालाच.

आणि तेल गोळा करण्याची मक्तेदारी एका माणसाच्या हातीं दिलीत तर काय होईल, हें चरीच्या संपाच्या मुलखांत मी सांगावें काय? १९३३ पासून १९३९ पर्यंत नारायण नागू पाटलांच्या मागें उभे राहून येथल्या कुळांनीं जमिनी पडीक ठेवल्या, उपास काढले, पण खोताच्या मापानें धान्य घालावयाचें नाकारलें. १९४९ सालीं कायद्यानें खोती गेली. आतां खोत घोड्यावरून येत नाहीं, तो टेंपोंतून येतो. खळ्यावर येत नाहीं, मोरीच्या दाराशीं येतो. माप अजून त्याच्याच हातांत आहे.

म्हणून माझें मागणें चार गोष्टींचें आहे. पहिली, आजपासून काळें तेल कोणत्याही गाडीवाल्यास खाण्यासाठीं विकावयाचें नाहीं. त्यांत दोन पैसे बुडाले तरी बुडोत. दुसरी, प्रत्येक गांवांत खाणावळवाल्यांनीं व बचत गटांनीं मिळून तेलाचे निवडलेले डबे एके ठिकाणीं आणावे, वजनाची वही सर्वांस उघडी ठेवावी, आणि अधिकृत संकलक म्हणून नोंदणी कशी मिळते याची अन्न व औषध प्रशासनाच्या कचेरींत चौकशी करून सहकारी संस्थेच्या नांवानें ती घ्यावी. तिसरी, गांवांतल्या रसायनशास्त्र शिकलेल्या एका मुलास किंवा मुलीस वर्गणी काढून मद्रासच्या, म्हणजे आतांच्या चेन्नईच्या, केंद्रीय चर्मसंशोधन संस्थेकडे पाठवावें. ती १९४८ सालापासून हेंच काम करीत आहे, आणि ती आपल्याच करांतून चालते. चर्मकार समाजासाठीं १९७४ सालीं राज्य सरकारनें काढलेलें महामंडळही आहे. त्याच्या दारांत चर्मकार भागीदारांना पुढें करून आपण मागें उभें राहावें. चौथी, तोंवर साबणाचा मार्ग लहान प्रमाणावर करून पाहावा, आणि काय साधलें, काय बिघडलें, तें तारीख घालून वहींत लिहावें. आपल्या वाडवडिलांची विद्या बुडाली याचें एक कारण हेंही आहे कीं ती कोणी लिहून ठेवली नाहीं. लिहिणारे हात वेगळे आणि करणारे हात वेगळे होते.

ही योजना उद्यां सर्वांना श्रीमंत करील, असें मी म्हणत नाहीं. एवढ्या तेलावर मोठा कारखाना चालणार नाहीं. पण दहा घरांचा एक गट चालेल, एक मूल शिकून येईल, एका गांवाच्या खाडींत तेल जाणार नाहीं, एका मजुराच्या पोटांत काळें तेल जाणार नाहीं. आज सभा संपल्यावर घरीं जाल तेव्हां कढई मोरीकडे नेऊं नका. एक रिकामा डबा धुऊन कोरडा करा, त्यावर तेलाचें नांव व तारीख लिहा, आणि तेल त्यांत गाळून ठेवा. पुढच्या रविवारीं ते डबे घेऊन येथेंच जमूं, आणि वही उघडूं.